वैमानिकाची सहचारिणी : ॲन मॉरो लिंडबर्ग

यंदाच्या वर्धापनदिनी आपल्या वस्तीतील हवाई दलातल्या व प्रवासी विमानांवरच्या मंडळींच्या पत्नींचा सत्कार करावयाचा, असे कार्यकारिणीने ठरविले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आणि खोटे कशाला बोलू, थोडा संकोचही वाटला. माझे यजमान हवाई दलात वाहतुकीच्या विमानांवर नॅव्हिगेटर होते, तेव्हा यादीत माझेही नाव येणार हे उघड होते. बैठकीत दोन प्रश्न निघाले. पहिला असा की, विमान नवऱ्याने उडविले, त्यात बायकोने केले काय? दुसरा कोणी मोठ्याने विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या मनात होता. ओटी भरायची म्हटली, तर यादीतल्या ज्या भगिनींचे यजमान आज हयात नाहीत त्यांचे काय करायचे? मी त्यांपैकीच एक. चार वर्षांपूर्वी हे गेले. शेवटी ओटीचा बेत रद्द होऊन शाल व नारळ द्यायचे ठरले आणि तेही सर्वांना सारखेच. एका भगिनीची सून वैमानिक आहे. तेव्हा घरी वाट पाहणाऱ्या तिच्या मुलालाही शाल-नारळ मिळणार, हे ऐकून बैठकीत पुष्कळ हशा पिकला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. स्वतःविषयी लिहिण्याजोगे माझ्यापाशी फार नाही. म्हणून ज्या बाईचे पुस्तक मी चंदीगडला असताना तळावरच्या वाचनालयातून प्रथम आणले, आणि पुढे आयुष्यभर जिची संगत मला झाली, तिच्याविषयी चार शब्द लिहिते. ही बाई म्हणजे ॲन मॉरो लिंडबर्ग.

लिंडबर्ग हे नाव पुष्कळांनी शाळेत ऐकले असेल. 1927 सालच्या मे महिन्यात एका लहानशा एकएंजिनी विमानातून न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत अटलांटिक महासागर एकट्याने व मध्ये कोठेही न उतरता ओलांडणारा तो वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग. साडेतेहतीस तास तो जागा होता. पूर्वी टपालाची विमाने चालविणारा हा पंचवीस वर्षांचा तरुण एका रात्रीत जगातला सर्वांत गाजलेला माणूस होऊन बसला. त्याची हकीगत सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या विमानात पुढे मागच्या आसनावर जी बसत असे, तिची मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

ॲनचा जन्म 22 जून 1906 रोजी न्यू जर्सी संस्थानातील एंगलवुड गावी झाला. घर मोठे सुखवस्तू. वडील ड्वाइट मॉरो हे मॉर्गन यांच्या प्रसिद्ध पेढीत भागीदार, पुढे मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत. आई कविता करीत असे आणि मुलींनी शिकलेच पाहिजे अशा मताची होती. चार भावंडांत ॲन दुसरी; लाजाळू, पुस्तकांत रमणारी. थोरली बहीण एलिझाबेथ देखणी व बोलकी. आपल्याकडेही अशा दोन बहिणी घरोघरी असतात, आणि पाहुण्यांची नजर कोणाकडे वळते तेही आपण जाणतो. 1927 च्या नाताळात हा जगप्रसिद्ध वैमानिक मेक्सिकोत मॉरोंच्या घरी पाहुणा म्हणून आला, तेव्हा तो थोरलीलाच मागणी घालील असा पुष्कळांचा तर्क होता. त्याने मागणी घातली ती धाकटीला. 1928 साली ॲन स्मिथ कॉलेजातून पदवीधर झाली, लेखनाची बक्षिसेही तिने मिळविली, आणि 27 मे 1929 रोजी एंगलवुडला राहत्या घरी अगदी मोजक्या माणसांत तिचे लग्न झाले. वर्तमानपत्रवाल्यांना सुगावा लागू नये म्हणून ही खबरदारी. ती कुमारिका होती तोवर मी तिला ॲन म्हटले. यापुढे ॲनबाई म्हणते.

आता बायकोने केले काय, या प्रश्नाकडे वळते.

लग्नानंतर ॲनबाई घरी बसल्या नाहीत. त्या विमान चालवायला शिकल्या. 1930 साली बिनएंजिनाचे विमान, ज्याला ग्लायडर म्हणतात, ते चालविण्याचा पहिल्या वर्गाचा परवाना त्यांनी मिळविला. अमेरिकेत तो मिळविणारी ही पहिली स्त्री. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पतिपत्नी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला पावणेपंधरा तासांत पोहोचली आणि त्या वेळचा उच्चांक झाला. त्या प्रवासात वाट काढण्याचे, म्हणजे नॅव्हिगेटरचे काम बाईंकडे होते. त्यांना तेव्हा सातवा महिना होता. उंचावरच्या हवेने व पेट्रोलच्या वासाने त्या बेजार झाल्या होत्या, पण उतरल्यावर चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. हे वाचले तेव्हा मी यांना विचारले होते की, तुमच्या त्या नॅव्हिगेशनच्या कोष्टकांत असे बायकांचे महिने कोठे बसतात? ह्यांनी हसून चहा मागितला.

22 जून 1930 रोजी, बाईंच्या स्वतःच्या वाढदिवशी, त्यांचा पहिला मुलगा जन्मला. बापाचेच नाव त्याला ठेवले.

1931 च्या उन्हाळ्यात दोघे उत्तरेकडच्या मार्गाने जपान-चीनला निघाली. कॅनडाचा बर्फाळ मुलूख, अलास्का, सैबेरियाचा किनारा, क्यूराइल बेटे असा तो मार्ग. पुढे-मागे प्रवासी विमाने ह्या वाटेने जाऊ शकतील का, हे पाहायचे होते. विमानाला चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे तराफे लावलेले. पुढे चार्ल्स, मागे बाई. बाईंच्या वाट्याला बिनतारी यंत्र आले. मोर्सची कट्‌ट-कड कट्‌ट भाषा त्या घरी बसून शिकल्या, विजेचे शास्त्र डोक्यात शिरत नसताना ते घोकले, परीक्षा देऊन परवाना घेतला. विमान उंच गेले की तारेचा लांब एरियल हाताने खाली सोडायचा, उतरण्यापूर्वी तो हातानेच गुंडाळून वर घ्यायचा. एक हात कळीवर, दुसरा पेन्सिलीवर. हवा कशी आहे, पुढचे बंदर धुक्यात आहे की मोकळे आहे, ते सर्व त्या मागच्या आसनावरून विचारून घेत व चिठ्ठी लिहून पुढे देत. ती चिठ्ठी चुकली तर दोघेही समुद्रात. मैत्रिणींनो, याला सोबत म्हणत नाहीत, याला काम म्हणतात.

सामानाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. दोघांना खासगी सामान प्रत्येकी अठरा पौंड, म्हणजे आठ किलोच्या आसपास, तेही पेटीचे वजन धरून. एवढ्यात ध्रुवाजवळची थंडी, जपानातल्या मेजवान्या आणि चीनमधला उकाडा बसवायचा. बदली झाली की ट्रंका बांधणाऱ्या आमच्यासारख्या बायकांना यातले कौशल्य निराळे सांगायला नको.

चीनमध्ये तेव्हा यांगत्से नदीला भयंकर महापूर आला होता. लिंडबर्ग दांपत्याने विमानातून पुराची पाहणी करून सरकारी मदतीला नकाशे पुरविले. हँकौ येथे इंग्रजांच्या विमानवाहू जहाजावरून विमान पाण्यात सोडताना ते कलंडले आणि दोघांनाही नदीत उड्या घ्याव्या लागल्या. विमान दुरुस्तीला गेले. तेवढ्यात बाईंचे वडील वारल्याची तार आली आणि प्रवास तेथेच संपला.

आता जे लिहायचे ते लिहिताना माझा हात थांबतो. घरी परतल्यावर पाच महिनेही झाले नव्हते. 1 मार्च 1932 च्या रात्री, न्यू जर्सीत होपवेलजवळच्या त्यांच्या नव्या घरातून, वीस महिन्यांचे ते मूल पाळण्यातून चोरीस गेले. त्याला सर्दी झाली होती म्हणून त्या आठवड्यात आजोळी परत न जाता मंडळी तेथेच राहिली होती. खिडकीखाली लाकडी शिडी सापडली. पन्नास हजार डॉलरची खंडणी दिली गेली. मूल आले नाही. 12 मे रोजी घरापासून थोड्याच मैलांवर रानात त्याचा देह सापडला. बाईंना तेव्हा पुन्हा दिवस होते. ऑगस्टमध्ये दुसरा मुलगा जॉन जन्मला. ब्रूनो हाउप्टमन नावाच्या सुताराला 1934 मध्ये पकडले, 1935 मध्ये खटला चालला आणि 1936 च्या एप्रिलमध्ये त्याला देहान्त शासन झाले. बाईंना न्यायालयात उभे राहून आपल्या बाळाचे कपडे ओळखावे लागले. याहून जास्त मी लिहीत नाही.

याच ठिकाणी आपल्यातल्या काही भगिनी मला दरवेळी अडवितात. आधी तान्हे मूल आजीपाशी ठेवून चीनला गेली, आणि एवढे झाल्यावरही 1933 साली दुसरे वर्षाचे पोर आजीपाशी टाकून पुन्हा निघाली. ही कसली आई? मीही तरुणपणी असेच म्हणत असे. पण बाईंच्या रोजनिशा पुढे छापून निघाल्या, त्या वाचल्यावर माझे मत बदलले. मुलापाशी राहावे तर नवरा एकटा आकाशात. नवऱ्याबरोबर जावे तर मूल मागे. ह्या ओढाताणीत त्या वर्षानुवर्षे राहिल्या आणि ती त्यांनी लपविली नाही. त्यांचे सगळे निर्णय बरोबर होते असे मला म्हणावयाचे नाही. पण मूल चोरीस गेले तेव्हा आई तेथेच घरात होती, हेही आपण विसरू नये.

1933 चा प्रवास फार मोठा. जुलैपासून डिसेंबरपर्यंत सुमारे तीस हजार मैल. ग्रीनलंड, आइसलंड, युरोप, आफ्रिका आणि तेथून दक्षिण अमेरिका. अटलांटिकवरून प्रवासी विमानांचा मार्ग कोठून न्यावा याची ही पाहणी होती. ग्रीनलंडमध्ये एका एस्किमो मुलाने विमानाला त्यांच्या बोलीतले नाव दिले, तिंगमिसार्तोक, म्हणजे मोठ्या पक्ष्यासारखा उडणारा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बॅथर्स्ट येथे मात्र हे पाखरू पाण्यावरून उठेना. पेट्रोलचे ओझे जास्त आणि वारा मुळीच नाही. रोज प्रयत्न करायचा, रोज परतायचे. सामान काढले, पेट्रोल कमी केले, आणि शेवटी चांदण्या रात्री थोडी झुळूक आल्यावर विमान एकदाचे वर उठले. पुढचे सुमारे सोळा तास बाई कानाला यंत्र लावून ब्राझीलच्या किनाऱ्याशी बोलत होत्या. ह्या एवढ्याशा वाऱ्याच्या प्रतीक्षेवर त्यांनी पुढे एक पूर्ण पुस्तक लिहिले. 1934 साली अमेरिकेच्या नॅशनल जिऑग्रफिक सोसायटीने त्यांना हबर्ड पदक दिले. ते मिळालेली ही पहिली स्त्री. उत्तरेच्या प्रवासावरचे त्यांचे पहिले पुस्तक 1935 मध्ये निघाले व फार वाखाणले गेले.

वाट पाहण्याचा विषय निघाला म्हणून एक घरची आठवण सांगते. चंदीगडहून लेहला विमाने पहाटे निघत, कारण ऊन चढले की डोंगरातला वारा बिघडतो. अकरापर्यंत ती परत येत. आवाजावरून आम्ही बायका विमाने मोजत असू. हातात पोळी लाटणे चालू असे आणि मनात आकडा. 1974 च्या हिवाळ्यात एके दिवशी आकडा एकाने कमी पडला. फोन कोणी उचलीना. शेजारची पंजाबी भाभी तिचे काम टाकून माझ्यापाशी बसून राहिली, एक शब्द न बोलता तिने मटारच्या ढीगभर शेंगा सोलल्या. संध्याकाळी कळले की हवा बिघडल्याने विमान दुसऱ्या तळावर सुखरूप उतरले होते आणि निरोप द्यायचे राहून गेले होते. हे रात्री आले व जेवायला काय आहे म्हणून विचारू लागले. मटारची उसळ होती.

असो. अमेरिकेत वर्तमानपत्रवाल्यांनी त्या कुटुंबाला जगणे नकोसे केले. लहानग्या जॉनला शाळेतून आणणारी मोटार वाटेत अडवून छायाचित्रे घेण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा 1935 च्या डिसेंबरात मंडळी इंग्लंडला निघून गेली. तेथे केंट परगण्यात एका जुन्या घरात बाईंना दोन वर्षे शांतपणाची लाभली. याच काळात त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. 1937 च्या मार्चमध्ये कलकत्त्याला श्रीरामकृष्णांच्या जन्मशताब्दीनिमित्त सर्वधर्मपरिषद भरली होती, तिला हे दांपत्य लहान विमानाने इंग्लंडहून येऊन हजर राहिले. त्याही वेळी बाई गरोदर होत्या. मे महिन्यात लंडनला तिसरा मुलगा झाला. त्या प्रवासाला निघताना आल्प्स पर्वत ओलांडण्याचा जो कठीण प्रसंग आला, त्यावरून त्यांनी पुढे वैमानिकाच्या पत्नीची एक लहानशी कादंबरी लिहिली.

यापुढचा भाग मला आवडत नाही, पण तो गाळला तर हे चरित्र राहणार नाही. चार्ल्स लिंडबर्ग अनेकदा जर्मनीला गेले, तेथल्या विमानबळाने दिपले, 1938 मध्ये गोअरिंगच्या हातून पदकही त्यांनी घेतले. मायदेशी परतल्यावर अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून ते भाषणे करीत फिरले आणि एका भाषणात ज्यू लोकांवर त्यांनी ठपका ठेवला. बाईंनी 1940 मध्ये नवऱ्याची बाजू सावरणारे एक छोटे पुस्तक लिहिले. ते चुकीचे होते. हुकूमशहांचे राज्य म्हणजे जणू काळाची लाटच आहे, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला आणि जुन्या मैत्रिणींनीही पाठ फिरविली. पुढे त्यांनी स्वतःही आपली चूक मान्य केली. नवऱ्याच्या मताला आपली लेखणी द्यावी का, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणींना कधी पडला असेल कोण जाणे. विमानात मागच्या आसनावरून त्या नवऱ्याला वाट सांगत होत्या. येथे मात्र त्यांनी ती सांगितली नाही.

युद्धात 1944 साली चार्ल्स पॅसिफिकमध्ये बिनहुद्द्याचे नागरिक म्हणून पन्नास लढाऊ उड्डाणे करून आले. बाई मिशिगनमध्ये मुलांना घेऊन होत्या, आणि ती वर्षे त्यांनी इतर हजारो बायकांसारखीच पत्रांची वाट पाहत काढली. युद्धानंतर कनेक्टिकटमध्ये घर झाले. पाच मुले वाढत होती, आणि नवरा विमान कंपनीच्या व सरकारच्या कामासाठी वर्षातले कित्येक महिने बाहेर. घरी आला की सगळ्यांना शिस्त लावायचा, याद्या करायचा, आणि पुन्हा जायचा. विमानातल्या माणसाच्या घरी हे असेच असते. तो नसताना घराची एक घडी बसते, तो आला की ती मोडते, आणि तो गेला की पुन्हा बसवावी लागते. हे कोणी कौतुकाच्या भाषणात सांगत नाही.

त्या काळात बाई फ्लॉरिडाजवळच्या कॅप्टिव्हा बेटावर एकट्या जाऊन राहिल्या. किनाऱ्यावर सापडलेला एकेक शंख-शिंपला समोर ठेवून त्यांनी बाईच्या आयुष्यावर लिहिले. घर, मुले, एकान्त, मध्यान्हीचा संसार. ‘गिफ्ट फ्रॉम द सी’ हे ते पुस्तक. 1955 साली अमेरिकेत ललितेतर पुस्तकांत सर्वाधिक खप त्याचाच झाला. चंदीगडच्या वाचनालयातून मी आणलेले पुस्तक हेच. खडकाला चिकटून वेडावाकडा वाढलेला कालव आणि अनेक वर्षांचा संसार यांची त्यांनी जी सांगड घातली आहे, ती वाचून मी वेळेवर भात उतरवायला विसरले होते.

चार्ल्स यांना 1974 मध्ये असाध्य दुखणे झाले. न्यूयॉर्कच्या इस्पितळात मरण्यापेक्षा हवाईतल्या माउई बेटावर मरावे अशी त्यांची इच्छा होती. बाई त्यांना विमानाने तेथे घेऊन गेल्या. ते त्यांचे शेवटचे उड्डाण. 26 ऑगस्टला ते गेले. पुढे सव्वीस वर्षांहून अधिक काळ बाई वैधव्यात राहिल्या, पण नुसत्या बसून नाही. रोजनिशा व पत्रे यांचे पाच खंड 1972 ते 1980 या काळात प्रसिद्ध झाले. 1979 मध्ये अमेरिकेच्या विमानविद्येच्या सन्माननीयांत त्यांची गणना झाली, ती कोणाची पत्नी म्हणून नव्हे. शेवटी अर्धांगवायूच्या झटक्यांनी स्मृती व वाचा क्षीण झाली. 7 फेब्रुवारी 2001 रोजी व्हरमाँटमध्ये धाकट्या मुलीच्या शेजारी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी एक गोष्ट उघडकीस आली. 1950 नंतर बाहेर घालविलेल्या त्या महिन्यांत चार्ल्स यांनी जर्मनीत दुसरा संसार थाटला होता. म्यूनिकमधील तीन भावंडे त्यांचीच असल्याचे 2003 मध्ये रक्तपरीक्षेसारख्या आधुनिक चाचणीने सिद्ध झाले. ही बातमी मी ह्यांना वाचून दाखविली. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की, विमानातल्या माणसावर घरच्यांनी जो विश्वास टाकलेला असतो त्याच्याच जोरावर तो उडतो, आणि ह्याने तो चोरला. नेहमी मितभाषी असलेल्या माझ्या यजमानांचे यापेक्षा लांब वाक्य मला आठवत नाही.

ते तिंगमिसार्तोक विमान वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान संग्रहालयाकडे आहे. माझी नात तिकडे शिकावयास गेली असताना तिने त्याचे छायाचित्र पाठविले. लाल पंख, काळे अंग, आणि एकामागे एक अशी दोन आसने. मागच्या आसनावर तिने बाणाची खूण करून पाठविली होती, हे कोणाचे म्हणून मला विचारायला नको.

‘गिफ्ट फ्रॉम द सी’ची माझी प्रत मी मंडळाच्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात ठेवली आहे. इंग्रजी सोपे आहे. पाने थोडी सुटली आहेत, तेव्हा नेणाऱ्या भगिनींनी जपून न्यावी व नोंदवहीत सही करावी. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी दर गुरुवारी दुपारी चार वाजता मी ते मराठीतून सांगत जाईन.